पुढचं पान बघायचं नाही

चार वर्षं मी मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवर पोकरच्या टेबलावर पत्ते वाटले. घर डिचोलीला. आई शेजाऱ्यांना सांगायची मुलगी पणजीला हॉटेलात आहे, आणि ते अर्धं खरंच होतं म्हणा, युनिफॉर्म तसाच होता. आता म्हापशाला एका ऑफिसात अकाउंट्स बघते, पण काही सवयी जात नाहीत. टेबल सोडताना दोन्ही हात उलटसुलट करून वरच्या कॅमेऱ्याला दाखवायचे असतात, की बघा, चिप्स लपवल्या नाहीत. परवा बँकेत कॅश मोजून दिली आणि माझे हात आपोआप तसे झाले, कॅशियर बघतच राहिला.

यंदा चवथीला धाकटा भाऊ मागे लागला. त्याची गँग आता तीन पत्ती सोडून पोकर खेळते, चिप्सच्या जागी शेंगदाणे. "ताई, तू एवढे प्रो जवळून बघितलेस, एखादी ट्रिक सांग ना." मी म्हटलं ट्रिक नसते रे. त्याला पटलं नाही, त्याला वाटलं मी लपवतेय. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, त्यालाही उपयोग होईल आणि इथल्या बाकीच्यांनाही, कारण गोंयकारांना १ फेब्रुवारी २०२० पासून कॅसिनोत खेळायला बंदी आहे आणि त्यामुळे आपल्यातल्या बऱ्याच जणांना आत काय चालतं ते फक्त ऐकून माहीत. मी मात्र रोज आत, तेही पगार घेऊन.

आधी एक गोष्ट क्लिअर करते. रुलेट, बकारा, अंदर बाहर या सगळ्यात तुम्ही घराशी खेळता, घर म्हणजे कॅसिनो, आणि गणितच असं बांधलेलं असतं की पुरेसा वेळ बसलात तर घरच जिंकणार. पोकर वेगळा. इथे खेळणारे एकमेकांशी खेळतात, आणि घर प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात मध्ये जमलेल्या पैशांतून, थोडा कट काढतं, त्याला रेक म्हणतात. म्हणजे तुम्ही समोरच्या आठ जणांपेक्षा नुसते बरे असून भागत नाही, रेक भरूनही काही उरेल इतके बरे असावे लागता. म्हणून बहुतेक लोक हरतात. हे कोणी सांगत नाही, पण रेक काढणारा हात माझा होता म्हणून सांगते.

खेळ सोपा आहे. प्रत्येकाला दोन पानं उपडी, मग मध्ये पाच पानं उघडी, आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं (रिव्हर). या सातांतली पाच मिळून ज्याचा सेट भारी तो जिंकला, आणि प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे, वाढवायचे किंवा पानं टाकून बाजूला व्हायचं (फोल्ड). बस. शिकायला एक संध्याकाळ पुरते.

आता तो प्रसंग, ज्यावरून मला प्रो म्हणजे काय ते कळलं.

शनिवारची रात्र, टेबल फुल्ल. सीट नंबर चारवर एक चष्मेवाला, बेंगळुरूहून यायचा, पाणी पीत बसायचा, कधी आवाज नाही. चार पानं उघडी पडलेली, त्यात दोन बदाम. पॉटमध्ये ६,०००. समोरच्याने आपले उरलेले सगळे ३,००० पुढे ढकलले, ऑल-इन. चष्मेवाला दहा-पंधरा सेकंद बसला, चिप्सची एक छोटी चळत उचलली, ठेवली, आणि आपली दोन पानं उघडी करून टाकली. दोन्ही बदाम. म्हणजे हातात दोन, टेबलावर दोन, अजून एक बदाम आला असता तर फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं), आणि डाव त्याचा.

शेजारचा कळवळला. "अरे काय यार, एकच पान बाकी होतं!" आणि मला म्हणाला, "मॅडम, पुढचं पान दाखवा ना." याला रॅबिट म्हणतात, डाव संपल्यावर 'आलं असतं तर काय आलं असतं' ते उघडून बघणं. बऱ्याच ठिकाणी चालत नाही, काही टेबलांवर खेळणाऱ्यांची हरकत नसेल तर दाखवतात. मी चष्मेवाल्याकडे बघितलं. त्याने नुसता हात हलवला, नको. चिडून नाही, चहा नको म्हणतो तसा. मी पानं गोळा केली आणि पिसायला घेतली. ते पान बदाम होतं की नाही ते मलाही माहीत नाही.

तेव्हा मला वाटलं माणूस जरा घमेंडी आहे. नंतर घरी येताना कदंबाच्या बसमध्ये डोक्यात हिशोब केला. पत्ते ५२. त्याने बघितलेले सहा, दोन हातातले आणि चार टेबलावरचे. उरले ४६. बदाम एकूण १३, त्यातले चार दिसले, म्हणजे उरले नऊ. ४६ पैकी ९, म्हणजे २० टक्क्यांच्या थोडं खालीच. आणि त्याला ३,००० भरून मिळणार होते ९,०००, म्हणजे चारातून एकदा तरी, २५ टक्के वेळा जिंकला तरच बरोबरीत सुटतो. २० हे २५ पेक्षा कमी. संपलं. हाच प्रसंग शंभर वेळा आला आणि प्रत्येक वेळी त्याने पैसे भरले, तर वीसेक वेळा नऊ हजार मिळतील, ऐंशीएक वेळा तीन हजार जातील, आणि शेवटी साठेक हजारांचा खड्डा. समोरच्याने तीनऐवजी फक्त एक हजार लावले असते तर गोष्ट उलटी, एक भरून सात मिळणार, तिथे २० टक्के भरपूर झाले, तिथे भरायचेच, आणि भरून हरला तरी भरणं बरोबरच.

हे शेवटचं वाक्य भावाला तीनदा सांगावं लागलं. हरला तरी बरोबर कसं?

पुढच्या पानावर बदाम असता तरी फोल्ड बरोबर होता आणि नसता तरी बरोबरच होता, कारण निर्णय घेताना ते पान त्याच्याकडे नव्हतं. मग ते बघून करायचं काय? बघितलं आणि बदाम निघाला तर उगाच मनात राहणार की भरायला हवे होते, आणि पुढच्या वेळी तो भरणार. म्हणजे फुकटचं पान बघून माणूस चुकीचा धडा शिकणार. प्रोचा हात 'नको' म्हणून हलतो तो यासाठी.

पोकरवाले याला रिझल्टिंग म्हणतात, निकाल बघून निर्णयाला मार्क देणं. अ‍ॅनी ड्यूक नावाची माजी खेळाडू आहे, आधी मानसशास्त्रात पीएचडी करत होती ती सोडून पोकरमध्ये आली, २००४ ला वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या सगळ्यात मोठ्या स्पर्धामालिकेचं ब्रेसलेट (तिथे जिंकणाऱ्याला मिळतं ते कडं) जिंकली, तिने हा शब्द पोकरच्या बाहेर पोचवला. पण मला तो कळला माझ्या मामामुळे.

मामा वाळपईकडे असतो, दर वर्षी पावणीत, म्हणजे लिलावात, काजूची बागायत घेतो. आता पावणी म्हणजे पोकरच बघा. पीक यायच्या आधी पैसे बोलायचे, पलीकडचा किती बोलणार माहीत नाही, पाऊस कधी येणार माहीत नाही, बियांना भाव काय मिळणार तेही नाही. एका वर्षी मामाने प्रत्येक झाड फिरून बघितलं, मोहर चांगला होता, पैसेही हिशोबाने बोलला, आणि नेमका मोहर भरात असताना अवेळी पाऊस पडला, सगळं काळं पडलं. गावात झालं, मामा फसला. पुढच्या वर्षी एकाने ईर्ष्येला पडून दीडपट बोली लावली, झाडं न बघता, आणि त्या वर्षी बोंडू लगडले. तो हुशार ठरला. मी मामाला म्हटलं, पुढच्या वेळी तूही जास्त बोल. मामा म्हणाला, "अगे, झाड बघून घेता येतं, पाऊस बघून थोडाच घेता येतो?" आणि परत आपल्याच हिशोबाने बोलला, पावणी हातची गेली तरी.

तो दीडपटवाला तीन वर्षांनी पावणीला यायचा बंद झाला, पण ती वेगळी गोष्ट.

आता याची दुसरी बाजू, जी जास्त त्रासाची आहे. बरोबर खेळूनही माणूस किती हरू शकतो याचा लोकांना अंदाजच नसतो. एक्क्यांची जोडी ही सगळ्यात भारी सुरुवात, सरासरी २२१ डावांत एकदा येते. समोर राजांची जोडी आली आणि दोघेही ऑल-इन गेले तर एक्केवाला १०० पैकी साधारण ८२ वेळा जिंकतो. छान. पण १८ वेळा हरतो ना! आणि लागोपाठ दोनदा हरायची वेळ तीसेकात एकदा येते, म्हणजे काही आकाश कोसळलं नाही, होतं असं. मी स्वतः एका माणसाला एका रात्रीत दोनदा एक्के देऊन हरवलंय (मी नाही, पत्त्यांनी, पण तो माझ्याकडेच बघत होता). अशा चढउताराला व्हेरियन्स म्हणतात.

डॅनियल नेग्रेआनू हे पोकरमधलं सगळ्यात ओळखीचं नाव असेल. तो दर वर्षी आपला जमाखर्च जाहीर करतो, जे मला अकाउंट्सवाली म्हणून फार आवडतं. २०२३ मध्ये तो स्पर्धांमध्ये २० लाख डॉलरपेक्षा जास्त लॉसमध्ये होता. जगातल्या नावाजलेल्या खेळाडूंपैकी एक, पूर्ण वर्ष, आणि लॉस. पुढच्याच वर्षी, २०२४ ला, ५० हजार डॉलर एंट्रीची पोकर प्लेयर्स चॅम्पियनशिप जिंकला, सातवं ब्रेसलेट. मधल्या काळात तो अचानक ढ झाला आणि परत हुशार झाला असं काही नाही. भाऊ चार रात्री शेंगदाणे हरला की खेळायची स्टाइल बदलतो. चार रात्री म्हणजे काहीच नाही रे. लाइव्ह टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, चार रात्रींत फार तर काही शे. तेवढ्यावरून स्वतःबद्दल काहीच कळत नाही, चांगलं पण नाही आणि वाईट पण नाही.

चांगलं पण नाही, हे जास्त महत्त्वाचं. २००३ ला ख्रिस मनीमेकर नावाचा अमेरिकेतला अकाउंटंट (हो, आडनाव खरंच तेच) ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. त्या वर्षी ८३९ जण खेळले होते. दोन वर्षांत तो आकडा ५,६१९ झाला, कारण सगळ्यांना वाटलं आपणही. मनीमेकर वाईट खेळला असं मी म्हणत नाही, त्याचा फायनलचा ब्लफ आजही लोक बघतात. पण बाकीच्या ८३८ जणांची गोष्ट कोणी सांगत नाही, त्यातही अकाउंटंट असतीलच.

आता टिल्टबद्दल. शब्द पिनबॉलच्या मशीनवरून आलाय, मशीन जास्त हलवलं की ते लॉक होतं आणि वर टिल्ट लिहून येतं. माणसाचंही तेच होतं. एका रात्री एकाचे राजे हरले आणि त्याने पानं माझ्या तोंडावर भिरकावली, एक गालाला लागलं. पत्त्याची कड कशी लागते ते लागल्याशिवाय कळत नाही. आम्हाला रिअ‍ॅक्ट व्हायची परवानगी नव्हती, वरिष्ठांनी मला ब्रेकवर पाठवलं आणि त्याला एक ड्रिंक दिलं, मला अजून राग आहे त्याचा. पण सांगायचं ते पुढचं. मी परत आले तर तो कॅशियरकडून दुसऱ्यांदा चिप्स आणून बसलेला, पाय टेबलाखाली तालात हलतोय, आणि लागोपाठ पाच डाव त्याने पानं नीट न बघताच वाढवले. टेबलावरचे बाकीचे एकदम शांत झाले, पावसाआधी होतं तसं. कोणी ब्लफ करेना, कोणी घाई करेना, सगळे चांगल्या पानांची वाट बघत बसले. तासाभरात त्याचं सगळं वाटलं गेलं. पहिल्या डावात, राजे हरले तिथे, त्याची चूक नव्हतीच. पैसे गेले ते नंतरच्या तासात.

लोकांना वाटतं प्रोना राग येत नाही. येतो की. फिल हेलम्यूथ १९८९ ला २४ व्या वर्षी मुख्य स्पर्धा जिंकला, १७ ब्रेसलेट आहेत, एवढी कोणाकडेच नाहीत, आणि टेबलावर लहान मुलासारखा थयथयाट करतो, त्याचं टोपणनावच पोकर ब्रॅट आहे. राग येणं आणि रागात पैसे लावणं या दोन गोष्टी आहेत. मी बघितलेले चांगले खेळाडू मोठा डाव हरले की पुढचे एक-दोन डाव नुसती पानं टाकायचे, किंवा उठून डेकवर जायचे, पुलावरचे दिवे बघायचे, परत यायचे. काही जण त्या रात्री परतच यायचे नाहीत. चष्मेवाला साडेबाराला उठायचा. जिंकत असो की हरत असो, साडेबाराची फीडर बोट. सुरुवातीला मला वाटायचं बायको ओरडत असेल.

अजून एक गोष्ट आमच्या भावाला झोंबली. मारिया कोनिकोव्हा नावाची मानसशास्त्रातली पीएचडी, लेखिका, तिला पोकरचे नियमही धड येत नव्हते तेव्हा ती एरिक सायडेलकडे शिकायला गेली, हा दहा ब्रेसलेटवाला जुना माणूस. २०१८ मध्ये ती बहामातली एक मोठी स्पर्धा जिंकली, ८४,६०० डॉलर. तिने सांगितलंय की सायडेलला 'माझं नशीब कसं फुटकं' छापाच्या गोष्टी ऐकायच्याच नसत. तू तो डाव कसा खेळलीस याबद्दल प्रश्न असेल तर विचार, शेवटचं पान कुठलं आलं ते सांगू नको. पोकरवाल्यांचा अर्धा वेळ या रडगाण्यात जातो हे मी शपथेवर सांगते, डीलरला तर पळताही येत नाही. "मॅडम तुम्हीच सांगा, एक्के होते माझे!" हो बाबा, मीच दिले होते.

आणि पानं टाकणं. नऊ जणांच्या टेबलावर चांगला खेळाडू चारातले तीन डाव तरी सुरुवातीलाच सोडतो, कधी जास्त. बघायला अत्यंत बोअर. नवीन माणूस मुंबईहून विमानाचं तिकीट काढून आलेला असतो, त्याला वाटतं बसून राहायला आलो का, म्हणून तो नव्व्या-चौव्व्यावर पण पैसे लावतो. आणि कधीकधी लागतंही, तीच तर गंमत आहे. प्रो मात्र त्या सोडलेल्या डावांत पण काम करत असतात, कोण कसल्या पानांवर वाढवतो, कोण हरल्यावर जास्त बोलतो. पत्त्यांकडे ते फार कमी बघतात खरं तर.

पैशाचं थोडक्यात, कारण ते थोडक्यातच आहे, फक्त कोणी पाळत नाही. खेळायचा पैसा वेगळा, घरचा वेगळा, आणि एका टेबलावर त्यातला छोटा तुकडाच. कॅश गेममध्ये साधारण वीस ते चाळीस वेळा नवीन बसता येईल एवढं मागे असावं, स्पर्धांना शंभर किंवा जास्त. नसेल तर छोट्या टेबलावर बसायचं, त्यात लाज नाही. यात नापास झालेला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे स्टू अंगर. पत्त्यांत असा मेंदू झाला नाही म्हणतात, मुख्य स्पर्धा तीनदा जिंकला, १९८०, १९८१ आणि मग थेट १९९७. तिसऱ्या वेळी बक्षीस १० लाख डॉलर, पण एंट्रीचे १० हजार पण दुसऱ्याने भरलेले आणि जिंकल्यावर अर्धे त्याला गेले. उरलेले घोड्यांवर, बेटिंगवर, ड्रग्जवर. १९९८ च्या नोव्हेंबरात लास व्हेगासच्या एका मोटेलच्या खोलीत मेलेला सापडला, ४५ वर्षांचा होता. पोकरच्या टेबलावर त्याला क्वचितच कोणी हरवलं असेल. टेबलावरून उठल्यावर तो रोज हरत होता.

भाऊ हे ऐकून म्हणाला, "पण ताई, आपण शेंगदाण्यांवर खेळतो." बरोबर आहे. ऑनलाइन पैशाचे गेम २०२५ च्या ऑगस्टमधल्या केंद्राच्या कायद्याने बंद झाले, बोटीवर त्याला जाता येत नाही, त्यामुळे शेंगदाणेच, आणि मला त्याचा आनंदच आहे.

तरी मी त्याला एक काम दिलं. वही घे, आणि ज्या डावात जास्त दाणे गेले त्यात तू का भरलेस ते एका ओळीत लिही. निकाल लिहायचा नाही, शेवटचं पान काय आलं ते लिहायचं नाही, फक्त भरताना डोक्यात काय होतं तेवढं. आठ दिवसांनी वही बघितली. बारा ओळी. अकरा ठिकाणी 'बॅड लक' आणि शेवटचं पान कुठलं आलं ते चिन्हासकट. बारावी ओळ, रात्री दोन वाजता लिहिलेली दिसते, अक्षर तिरकं: 'सगळे भरत होते, मला एकट्यालाच बसायचं नव्हतं म्हणून भरले.'

त्या ओळीखाली मी लाल पेनने बरोबरची खूण केली. तो अजून विचारतोय की मग तो डाव मी बरोबर खेळलो का.